लांब इंग्रजी शब्दांच्या पट्ट्या : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाच्या कामाच्या नोंदी

या नोंदी कामाच्या वहीतून उतरवल्या आहेत. असेच काम आपल्या गावात करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्यांतील चुका गाळलेल्या नाहीत. पट्ट्यांवरचे शब्द रोमन लिपीत आहेत. वही मराठीत असल्यामुळे येथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, मोजणी मात्र सर्वत्र रोमन मुळाक्षरांची आहे.

२० एप्रिल २०२४

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात येणारी मुले मराठी माध्यमाची आहेत. घरी मराठी, शाळेत जोडीला कन्नड आणि इंग्रजी, बाजारात तिन्हींची मिसळ, असा त्यांचा दिवस असतो. तरीही दहा-बारा अक्षरांचा इंग्रजी शब्द पुढे आला की पहिली तीन-चार अक्षरे वाचायची आणि उरलेला शब्द अंदाजाने म्हणून टाकायचा, ही सवय बहुतेकांना जडली आहे. म्हणून आज असे ठरवले की वाचनालयाच्या खिडकी आणि दाराच्या मधल्या भिंतीवर २६ पट्ट्या लावायच्या. प्रत्येक इंग्रजी मुळाक्षरासाठी एक पट्टी असेल आणि तिच्यावर त्या अक्षराच्या बाबतीत काही तरी विशेष असलेला लांब शब्द, त्यातील अक्षरांची संख्या आणि मराठी अर्थ असेल. काम दहा दिवसांत उरकेल असा माझा अंदाज आहे.

पहिली चूक पहिल्याच दुपारी केली. शब्दकोश उघडून नुसते लांब शब्द उतरवत गेले आणि तासाभराने पाहिले तर चाळीस शब्दांपैकी निम्म्यांच्या शेवटी तीच ती ‘नेस’ किंवा ‘एशन’ अशी शेपटी होती. असे शब्द भिंतीवर लावून कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. यादी फाडून टाकली. आता शब्द लांब असणे पुरेसे धरायचे नाही; त्यातील एखाद्या अक्षराने काही तरी वेगळे करून दाखवले पाहिजे.

२३ एप्रिल

आज मोजणीवरून वाद झाला आणि त्यात अख्खी सकाळ गेली, पण ती गेली हे बरे झाले. ‘स्ट्रेंग्थ्स’ हा शब्द मी ई या अक्षरासाठी निवडला होता, कारण नऊ अक्षरांच्या या शब्दात स्वर एकच आहे आणि तो ई आहे. सातवीतल्या एका मुलाने फळ्याकडे न बघताच सांगितले, “नऊ कुठली बाई, दोनच अक्षरं आहेत की! स्ट्रें आणि ग्थ्स.”

त्याचे काही चुकले नव्हते. मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, तीन व्यंजने एकमेकांना चिकटली तरी आपण ते एकच जोडाक्षर धरतो, आणि लहानपणापासून याच हिशेबाने शब्द मोजत आलेल्या मुलाला ‘अक्षरे मोज’ असे सांगितले तर तो असेच मोजणार. दोष माझ्या शब्दाचा होता. त्यामुळे आजपासून रोमन मुळाक्षराला ‘लेटर’ म्हणायचे आणि ‘अक्षर’ हा शब्द फक्त आपल्या लिपीसाठी राखून ठेवायचा, असे ठरले.

तरीही तोंडी मोजणी चुकतच होती. शेवटी गणिताची चौकटीची वही काढली आणि एका चौकटीत एकच लेटर लिहायचे असा नियम केला. मग मुलांनीच गावांच्या नावांवर प्रयोग सुरू केला. बेळगाव मराठीत चार अक्षरांचे आहे आणि कन्नडमधले बेळगावीही चारच अक्षरांचे आहे, पण जुन्या इंग्रजी स्पेलिंगला सात चौकटी लागतात आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून चालू असलेल्या नव्या स्पेलिंगला आठ. ‘क्यू’ आपल्याकडे एका अक्षरात संपतो आणि तिकडे पाच चौकटी घेतो. ‘आयडिया’ मात्र दोन्हीकडे चार, याचे मुलांना फार समाधान वाटले.

जे कोणी हे काम करतील त्यांनी पहिल्या दिवशीच चौकटीची वही घ्यावी. आमचे तीन दिवस तिच्यावाचून वाया गेले.

२७ एप्रिल

आय या लेटरची पट्टी. शब्द आहे ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’, २९ लेटरांचा. यात आय नऊ वेळा येतो, पण मी घाईने आठ लिहून पट्टी पुरी केली आणि ती मुलांनी चौकटी मोजून परत केली. याच शब्दात ई एकदाही येत नाही. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे लेटर इतक्या लांब शब्दात नसावे, हे ध्यानात आल्यावर तो शब्द आयच्या पट्टीवर ठेवावा की ईच्या, यावर आणखी अर्धा तास गेला.

खरी अडचण अर्थाची होती. शब्दकोशातला अर्थ मी ‘एखादी गोष्ट क्षुल्लक आहे असे ठरवण्याची क्रिया’ असा लिहिला. मुलांनी तो वाचला आणि विसरली. मग शब्दाचे तुकडे पाडून पाहिले. फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकी म्हणजे फुटकळ वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे एक केस. किंमत शून्य आहे हे सांगणारे चार लॅटिन शब्द ओळीने जोडले आणि मागे ‘करणे’ या अर्थाचे शेपूट लावले, एवढीच या शब्दाची रचना आहे. सहा, पाच, सहा, चार आणि आठ, म्हणजे २९. इंग्रजी लिखाणात तो १७४१ सालापासून सापडतो.

हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले की, म्हणजे ‘कवडीमोल’ का? अगदी तेच. आपण कवडी घेतली, दमडी घेतली, गवताची काडी घेतली. त्यांनी केस आणि लोकर घेतली. पट्टीवर आता ‘कवडीमोल ठरवणे’ एवढाच अर्थ आहे आणि तो कोणी विसरत नाही. यापुढे अर्थ लिहिण्याआधी शब्द फोडायचा, हा दुसरा नियम.

२ मे

बेळगावला जाऊन खडेबाजारातून २० कार्डशीट आणि ४ मार्कर आणले. कार्डशीट १२ रुपयांना एक, मार्कर २५ रुपयांना एक, एकूण ३४० रुपये. कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत देणाऱ्या शक्ती योजनेमुळे बसभाडे शून्य.

संध्याकाळी पहिले पूर्ण वाक्य लिहिले. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला ते पाठ असते : द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग. यात सगळी २६ लेटरे येतात आणि एकूण चौकटी ३५ भरतात. आपल्याकडे गोष्ट भूतकाळात सांगायची रीत आहे, म्हणून लिहिण्याच्या ओघात मी ‘जम्प्स’चे ‘जम्प्ड’ करून ठेवले. कोल्ह्याने उडी मारली, त्यात काय बिघडले, असे वाटले. पाचवीतली एक मुलगी पाटीवर ए पासून झेडपर्यंत लेटरे लिहून एकेक खोडत बसली होती, तिच्या पाटीवर एस उरला. साऱ्या वाक्यात एस एकदाच येतो आणि तो नेमका त्या क्रियापदाच्या शेवटी आहे. एक कार्डशीट आणि दीड तास गेला. अशा वाक्यात व्याकरण सुधारू नये.

७ मे

मतदानाचा दिवस. शेजारच्या शाळेत केंद्र असल्यामुळे वाचनालय बंद होते आणि मुले आमच्या अंगणात जमली. २६ चिंचोके धुऊन त्यांच्यावर व्हाइटनरने एकेक लेटर काढले. खेळ असा की प्रत्येक चिंचोका एकदाच वापरायचा आणि होता होईल तेवढा लांब शब्द लावायचा. मुलांची मजल सहा-सात चिंचोक्यांपर्यंत गेली.

मग मी ‘अनकॉपीराइटेबल’ लावून दाखवला. त्याचा अर्थ, ज्यावर लेखनहक्क घेता येत नाही असा. पंधरा चिंचोके ओळीत लागले, एकही दुबार नाही, आणि परातीत अकरा उरले. त्या अकरांत स्वर एकही राहिलेला नव्हता, हे मुलांनीच दाखवले.

दुसरा पंधरा चिंचोक्यांचा शब्द ‘डर्मॅटोग्लिफिक्स’. डर्मा म्हणजे त्वचा, ग्लिफ म्हणजे कोरीव खूण. बोटांच्या टोकांवरच्या रेषांचा अभ्यास असा त्याचा अर्थ. हा समजावून सांगायला मला कष्ट पडले नाहीत, कारण सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. रेशनच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर भातलावणी केली आणि राखेने भांडी घासली, त्यात रेषा झिजून गेल्या. मुलांनी आळीपाळीने त्यांचा अंगठा उजेडात धरून पाहिला. त्यांना तो प्रकार आवडला नाही, पण दुपारभर त्या हात पुढे करत राहिल्या.

१६ मे

क्यूची पट्टी मोठ्या विश्वासाने लिहिली. ‘क्यूइंग’, म्हणजे रांगेत उभे राहणे : आठ लेटरे आणि त्यांत क्यूच्या मागोमाग सलग पाच स्वर. खाली तळटीप म्हणून मी ‘क्यूनंतर नेहमी यू येतो’ असे लिहिले, कारण मला शाळेत तसेच शिकवले होते.

ही टीप दोन दिवससुद्धा टिकली नाही. बेळगावला आजोळी जाऊन आलेल्या एका मुलाने कपड्याच्या दुकानाच्या पाटीवरून ‘बुरखा’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग हातावर पेनने उतरवून आणले होते आणि त्यात क्यूनंतर सरळ ए होता. वही उघडून आम्ही ‘निकाब’ पाहिला, तिथेही तेच. ‘इराक’ तर क्यूवरच संपतो. अरबीतून आलेल्या काही शब्दांत हे लेटर एकटेच येते. ‘नेहमी’ खोडून ‘बहुधा’ लिहिले. पट्टीवरची ती खोड मी मुद्दाम तशीच राहू दिली आहे.

याच आठवड्यात आणखी चार पट्ट्या विनातक्रार झाल्या. वायसाठी ‘रिदम्स’ : सात लेटरे, नेहमीच्या पाच स्वरांपैकी एकही नाही, स्वराचे काम वाय करतो. केसाठी ‘बुककीपर’, हिशेबनीस : ओ, के आणि ई अशा तीन जोड्या एकापाठोपाठ एक. एसाठी ‘अॅब्स्टेमियस’, मिताहारी : पाचही स्वर आपापल्या क्रमाने. झेडसाठी ‘रॅझमॅटॅझ’, डामडौल : दहा लेटरांत चार झेड.

२४ मे

पीची पट्टी. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात असलेला ४५ लेटरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’. सुरुवातीच्या पीचा उच्चारच होत नाही, म्हणून तो पीच्या पट्टीवर.

एवढी लांब पट्टी सरळ रेषेत लिहिणे माझ्या हातून होईना, तेव्हा गावातल्या पेंटरमामांना बोलावले. नामफलकावर ६० टक्के कन्नड हवे, या यंदाच्या कायद्यामुळे त्यांच्याकडे पाट्यांची रांग लागली आहे आणि त्यांची वाट पाहण्यातच आठ दिवस गेले. भिंतीची मोकळी जागा १६७ सेंटिमीटर. चार सेंटिमीटरच्या ४५ चौकटींना १८० लागतात. मामांनी चौकट साडेतीन सेंटिमीटरची केली, म्हणजे पट्टी १५७.५ सेंटिमीटरांत बसली आणि दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा राहिली. गेरूत बुडवलेली दोरी ताणून त्यांनी वरखाली दोन रेघा उठवल्या, चौकटी पाडल्या आणि लिहायला बसले.

लिहून झाले तेव्हा उजवीकडे दोन चौकटी रिकाम्या होत्या. आम्ही दोघांनी तीन वेळा मोजले. मामा म्हणाले, “तुमच्या कागदावर सुरुवातीला ‘मो’ झाल्यावर परत ‘नो’ लिहिलं होतं. चुकून दोनदा आलं असंल म्हणून मी गाळलं.” पाट्या रंगवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या कागदातल्या चुका दुरुस्त करायची सवय असते आणि एरवी ती उपयोगाची असते. येथे तिने दोन लेटरे खाल्ली. मी त्यांना शब्द एका दमात लिहून दिला होता. तुकडे करून दिला असता तर हे झाले नसते. न्यूमोनो आठ, अल्ट्रा पाच, मायक्रोस्कोपिक अकरा, सिलिको सहा, व्होल्केनो सात, कोनिओसिस आठ : बेरीज ४५. पट्टी पुन्हा लिहिली. चार तास आणि तीन कार्डशीट वाया गेले.

९ जून

सगळे काम गेले. मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी आमच्याच तालुक्यात आहे. जिथे पाऊस भिंतीच्या आतून येतो अशा मुलखात मैद्याच्या खळीने कागद चिकटवावा, ही बुद्धी मला कशी झाली ते समजत नाही. पहिल्या चार दिवसांच्या पावसातच कार्डशीट फुगले, मार्करची शाई खाली ओघळली आणि जिथे खळ जाड लागली होती तिथले कोपरे झुरळांनी कुरतडले. १७ पट्ट्यांपैकी वाचण्याजोगी एकही राहिली नाही. ३४० रुपये पाण्यात गेले, तेही शब्दशः.

शब्द, मोजणी आणि अर्थ वहीत होते, म्हणून पुन्हा उभे राहता आले. कच्चे काम वहीतच करावे आणि भिंतीकडे सर्वांत शेवटी जावे.

२३ जून

कागद सोडला. निवडणुकीचे आणि वाढदिवसांचे उतरवलेले फ्लेक्स गावात पडून होते, ते फुकट मिळाले. त्यांच्या चकचकीत बाजूवर एनॅमल रंग लावून पाहिला, तो दुसऱ्या दिवशी नखाने सालीसारखा निघाला. मागची पांढरी, खरखरीत बाजू साबणाने धुऊन वाळवली आणि तिच्यावर लिहिले, तो धरून राहिला. पावसाळ्यात रंग वाळायला दोन-दोन दिवस लागतात. वाळण्याआधी गुंडाळलेली एक पट्टी स्वतःलाच चिकटली. ती टाकून दिली. पट्ट्या भिंतीला न चिकटवता खिळ्यांमध्ये ताणलेल्या दोरीवर टांगल्या आहेत, म्हणजे मागून वारा खेळतो.

रंग निळा आणि लाल असे दोनच घेतले, व्यंजनांना निळा आणि स्वरांना लाल. मामा प्रत्येक शब्दात दर दोन-तीन लेटरांनी ब्रश धुऊन कंटाळले होते. एचच्या पट्टीवर ‘ऑनोरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस’ आला, तेव्हा त्यांनी चौकटींकडे जरा वेळ पाहिले आणि काही न बोलता एक सोडून एक अशा चौदा चौकटी निळ्या भरल्या, ब्रश धुतला आणि मधल्या तेरा लाल भरल्या. शेक्सपिअरच्या नाटकात येणाऱ्या या २७ लेटरांच्या शब्दात व्यंजन आणि स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत आलटूनपालटून येतात, हे मी त्यांना सांगणार होते. अर्थ, मानसन्मानास पात्र असण्याची अवस्था. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पुढची पट्टी मागितली.

पुढची होती ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’, २८ लेटरे. येथे अर्थाने दमवले. इंग्लंडमध्ये चर्च राजसत्तेशी जोडलेले आहे. ते वेगळे करावे असे काही लोक म्हणत आणि तसे करू नये असे म्हणणाऱ्यांचा हा पक्ष. आयर्लंडमध्ये ही फारकत १८७१ साली झाली आणि वेल्समध्ये १९२० साली. विरोधाला विरोध एवढे मुलांना समजले, पण चर्च आणि राजसत्ता हे प्रकरण त्यांच्या गळी उतरले नाही. पट्टी टांगली आहे. शब्द निवडताना मुलांचे वय पाहायला हवे होते.

७ जुलै

अकरा आठवड्यांनंतर दोरीवर १४ पट्ट्या आहेत. रंग दोन डबे २१० रुपये, टर्पेंटाइन ६० रुपये, दोन ब्रश ८० रुपये आणि आधीचे ३४० रुपये, असा एकूण खर्च ६९० रुपये. मामांनी मजुरी घेतली नाही. जे, एक्स आणि डब्ल्यू यांना मनाजोगते शब्द मिळालेले नाहीत आणि नुसती जागा भरण्यासाठी शब्द टांगायचा नाही, यावर मुलांचे आणि माझे एकमत आहे.

आज पाचवीतल्या त्या मुलीचे वडील तिला न्यायला आले. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे भरायचे काम करतात. ४५ चौकटींच्या पट्टीसमोर ते बराच वेळ थांबले आणि खालचा अर्थ त्यांनी मोठ्याने वाचला : अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ श्वासातून गेल्याने होणारा फुफ्फुसाचा विकार. मग विचारले, “म्हणजे आमच्या वाळूचा आजार की बाई? डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात. एवढं लांब नाव कोण घेतंय?”

मला हे सुचायला हवे होते. हा शब्द डॉक्टरांच्या गरजेतून आलेलाच नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणून तो रचला, आणि दवाखान्यात त्याच आजाराला नऊ लेटरांचे नाव चालते. मी पट्टीवर गंमत टांगून ठेवली होती आणि तिचा अर्थ ज्यांच्या रोजच्या कामात आहे ते बारा किलोमीटरवरून मुलीला न्यायला आले तेव्हा मला कळला. त्यांना विचारून अर्थाच्या खाली एक ओळ वाढवली : वाळूचे साचे, खडीचे क्रशर आणि दगडाच्या खाणी येथे काम करणाऱ्यांनी तोंडानाकावर मास्क बांधावा. ती ओळ त्यांनी सांगितली तशीच लिहिली आहे.

मामांकडे फ्लेक्सचा एक तुकडा उरला होता. त्यावर नऊ चौकटी पाडून ‘सिलिकोसिस’ लिहिला आणि तो मोठ्या पट्टीच्या खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. लिहायला दहा मिनिटे लागली. वाळायला दोन दिवस लागतील.